तबकडीवरचं नाव

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. १९८९ साली गोंदियाच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नवीन होतं, आणि मंडईचा हंगाम तोच आमचाही हंगाम असे. ॲम्प्लिफायर, भोंगे, माइक सगळं एकाच पंधरवड्यात बिघडायचं. अशाच एका दुपारी चांदाफोर्टकडून येणाऱ्या छोट्या गाडीने एक वादक आला. राहणार अर्जुनी-मोरगावच्या बाजूचा. नाटकांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार होती.

'घुं घुं करते गा भाऊ. वाजवली नाही तरी घुं घुं करते,' तो म्हणाला.

तोवर मी गिटार उघडून पाहिली नव्हती. उघडल्यावर कळलं की आत फार काही नसतंच. तारांच्या खाली एक लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत नखाएवढा विद्युतदाब तयार होतो, तो ॲम्प्लिफायरने मोठा करायचा. पण हेच वेटोळं खोलीतल्या ट्यूबलाइटची आणि ट्रान्सफॉर्मरची पन्नास सायकलची घरघरही तितक्याच प्रेमाने उचलतं. या गिटारचा अर्थिंगचा टाका सुटला होता. टाका मारला, घुंघुं बरीच कमी झाली.

गिटार तपासायची म्हणून मी दुकानातली एक तबकडी लावली. व्हॅन शिप्ले यांची, इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी. त्याने ती मान हलवत ऐकली आणि कव्हर हातात घेऊन विचारलं, 'चाली तं शिनेमाच्या हायेत. आपल्यातल्या कोनी आपल्याच चालीची गिटारची तबकडी काढली का गा?'

मी 'नाही' म्हणून सांगितलं. ठाम सांगितलं. दुकानात बसणाऱ्या माणसाला आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटत असतं. ते उत्तर चूक होतं, आणि ते दुरुस्त करायला मला वीसेक वर्षं लागली. हा लेख म्हणजे ती दुरुस्ती.

*

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन अटी आहेत. तबकडीवर नाव वादकाचं हवं आणि चालीही त्याच्याच हव्यात. पहिली अट पुरी करणारे आपल्याकडे होते. व्हॅन शिप्ले होते, हजारा सिंग होते. त्यांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या, पण चाली चित्रपटांच्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर सळई सरकवत थेट राग वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ सालची. पण ती वाट शास्त्रीय संगीताची. माझ्याकडे आलेल्या वादकाची गिटार उभी होती, पडदे बसवलेली होती, आणि त्याचं घराणं होतं नाचाच्या बँडचं. त्या घराण्यात शोध घ्यायला हवा होता, आणि ते घराणं सुरू होतं गोव्यात.

पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकलेली ही पोरं पोटासाठी मुंबईला येत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, त्यांच्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. गोव्याच्या वादकांनी त्यांच्याकडून जॅझ घेतला. कागदावरचं वाचून वाजवण्याची विद्या त्यांच्याकडे होतीच. कागद सोडून वाजवण्याची विद्या त्यात मिळाली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्या पिढीचं मोठं नाव.

१९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला आणि हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडू लागल्या. वादकांना चित्रपटाने सामावून घेतलं. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, हे वादक नेमके हेरले. 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांनी वाद्यमेळाच्या रचना लिहून हिंदी गाण्याचा नादच बदलला. पण व्यवहार शिफ्टचा होता. वादकाने यायचं, वाजवायचं, पैसे घेऊन जायचं. पडद्यावर संगीतकाराचं नाव, गायकाचंही पुढेपुढे येऊ लागलं, गिटारवाल्याचं नाही.

आमच्या नाटकांच्या भित्तिपत्रकांवरही हीच रीत. नायक, खलनायक, लावणी सादर करणारी, सगळ्यांचे फोटो. वाद्यमेळाचा उल्लेख असलाच तर एका ओळीत. त्यामुळे त्या वादकाचा प्रश्न मला पुढे कधी परका वाटला नाही.

*

१९६८ साली मुंबईत शंकर-जयकिशन यांची 'राग जॅझ स्टाइल' ही तबकडी निघाली. अकरा राग, जॅझच्या थाटात. रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, आणि इलेक्ट्रिक गिटारवर दोघं: ॲनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे राग अकरा छोट्या तुकड्यांत ऐकायला मिळतात. वादन उत्तम आहे. पण कव्हरवरचं मोठं नाव संगीतकार जोडीचं. मुंबईत त्या वर्षी गिटारवाल्यासाठी असलेली जागा एवढीच होती.

माझं उत्तर चुकीचं ठरवणारा माणूस तोवर मुंबई सोडून गेला होता. अमान्सियो डिसिल्व्हा. जन्म १९३६चा, मुंबईतला, आईवडील गोव्याचे. जॅझ गिटारवादक म्हणून त्यांनी हॉटेलांत आणि बँडांत हात तयार केला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांच्या वादनावर खूश झाल्या आणि त्यांनी त्यांना गिब्सन कंपनीची गिटार घेऊन दिली. राजाश्रय म्हटलं की आपल्याला दरबारातले खाँसाहेब आठवतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो एका गोवेकर पोराच्या इलेक्ट्रिक गिटारलाही मिळाला. सिमल्यात त्यांची आयर्लंडच्या जॉइसशी ओळख झाली, लग्न झालं. मुलाच्या आजारावर उपचार हवेत म्हणून १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेलं. कीर्तीच्या शोधात नव्हे, औषधासाठी.

तिथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्यांना ऐकलं. १९६९ साली कोलंबियाच्या शिक्क्याखाली 'इंटिग्रेशन' ही तबकडी आली. साथीला ब्रिटनमधले त्या काळचे अव्वल जॅझवादक: ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. नाव डिसिल्व्हांचं, चाली डिसिल्व्हांच्या. त्याच वर्षी दुसरी तबकडी निघाली, सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर. तिचं नाव 'हम दोनों'. आपल्याकडे हे नाव घेतलं की देव आनंदचा १९६१चा चित्रपट आणि जयदेवांचं संगीत आठवतं. लंडनच्या दुकानात ते नाव वाचणाऱ्याला त्याचा अर्थही कळला नसेल.

या दोन तबकड्यांवरची रचनांची नावं एकाखाली एक लिहून पाहा. 'गँजेस', 'जयपूर', 'महाराणी', 'जॉइस कंट्री', 'स्टेफानोज डान्स', 'बॅलड फॉर गोवा'. जॉइस कंट्री हा आयर्लंडच्या पश्चिमेकडचा एक प्रदेश, आणि जॉइस हे बायकोचं नाव. स्टेफानो म्हणजे मुलगा. गिटार देणारी महाराणी तिथे आहे, तिचं गाव आहे, आईबापांचं गाव आहे. शिफ्टवर वाजवणाऱ्याला यातलं एकही नाव कुठे लिहिता आलं नसतं.

*

जो हॅरियट यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचा जन्म १९२८चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. वाढले अनाथ मुलांच्या शाळेत. १९५१ साली ब्रिटनला आले. डिसिल्व्हांच्या आधी त्यांनी कलकत्त्याच्या जॉन मेयर यांच्याबरोबर 'इंडो-जॅझ सूट' (१९६६) केला होता. त्यात पाच जॅझवादक आणि पाच भारतीय बाजूचे. तबल्यावर मुंबईचे केशव साठे, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर, सतारीवर दिवाण मोतीहार. ब्रिटिश जॅझच्या इतिहासात ही तबकडी मानाची आहे. आपल्या संगीताच्या इतिहासात साठे-पैंगणकरांना ओळभर जागा मिळाल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

पण दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या की फरक कानाला कळतो. मेयर यांच्या रचनेत दोन मेळ समोरासमोर बसले आहेत. हे संपले की ते, मग दोघं मिळून. सतार आली की भारत आला, सॅक्सोफोन आला की जॅझ. 'हम दोनों'मध्ये सतार नाही आणि तबलाही नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास, ड्रम आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना फिरणारा आवाज. भारतीय म्हणून ओळखू येईल असं एकही वाद्य नसताना त्यात जे आपलं वाटतं, ते त्या एका माणसाच्या बोटांत आहे.

ते कसं शक्य होतं, हे मला वाचून कळलं नाही. गिटारी दुरुस्त करताना कळलं.

गिटारला पडदे असतात, तेही पक्के रोवलेले. एका पडद्यावर एकच स्वर. आपल्या गाण्याचा जीव दोन स्वरांच्या मधल्या वाटेत असतो. सतारिया तार ओढून मींड काढतो ती त्यासाठी. साध्या लाकडी गिटारवर हे जमणं कठीण. तारा जाड, आवाज क्षणात विरतो. तार ओढून वरच्या स्वराला पोचेपर्यंत नाद संपलेला असतो. चुंबक आणि ॲम्प्लिफायर आले आणि नाद टिकू लागला. तारा बारीक लावल्या तरी ऐकू येऊ लागल्या. बारीक तार बोटाने आडवी ढकलली की स्वर वर चढतो आणि चढताना ऐकूही येतो.

हे पहिल्यांदा ओळखलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी. चार्ली ख्रिश्चन १९३९ साली बेनी गुडमन यांच्या मेळात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले, आणि तोवर मागे ताल धरून बसणारी गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आली. १९४२ मध्ये, वयाच्या पंचविशीत ते गेले. तिकडे टी-बोन वॉकर यांनी, आणि पुढे शिकागोत मडी वॉटर्स यांनी, तीच विजेची गिटार ब्लूजमध्ये बोलती केली. ब्लूज हे शेतमजुरांचं आणि गुलामांच्या नातवंडांचं गाणं. बारा मात्राखंडांचं आवर्तन, पुन्हापुन्हा फिरणारं. जॅझ शिकणारा प्रत्येक जण या बारा खंडांवरून जातोच. केनी बरेल यांच्यासारख्या मुरलेल्या जॅझ गिटारवादकाने 'मिडनाइट ब्लू' (१९६३) ही तबकडी जवळजवळ सगळी ब्लूजच्या रंगात केली, ती याच सरावावर.

आता ब्लूजचे स्वर पेटीवर काढून पाहा. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. आपला धानी. त्यातला गंधार मात्र पेटीवर सापडत नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो, कोमलावरून शुद्धाकडे कलणारा. आपल्या जोग रागात दोन्ही गंधार लागतात, आणि गवयाचं सगळं कसब एकावरून दुसऱ्यावर कसं यायचं यात असतं. मिसिसिपीच्या शेतमजुराने जोग ऐकला नव्हता, आपल्या गवयाने ब्लूज ऐकला नव्हता. दोघांनीही पेटीच्या दोन पट्ट्यांमधली ती जागा आपापल्या गरजेने शोधली.

मुंबईत जॅझवर वाढलेल्या, भोवती सतत आपलं गाणं ऐकणाऱ्या गिटारवाल्याला त्यामुळे दोन भाषांमध्ये दुभाषा ठेवावा लागत नव्हता. तार ढकलण्याची एकच क्रिया त्याला दोन्हीकडे नेत होती. 'राग जॅझ स्टाइल'मध्ये रागाचं काम सतारीकडे सोपवलेलं आहे आणि जॅझचं इतरांकडे. डिसिल्व्हांनी ती वाटणी मोडली. ते मोडायला मोकळीक लागते, आणि मोकळीक तबकडीवर आपलं नाव असलेल्यालाच मिळते. त्या वादकाने घातलेल्या दोन अटी एकच होत्या, हे मला इथे समजलं.

*

लंडनने त्यांना ती जागा दिली, पण फार काळ नाही. १९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स' आली, १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाने 'ड्रीम सीक्वेन्स'. त्यानंतर ध्वनिमुद्रित झालेली 'कोंकण डान्स' बाहेर आलीच नाही. तिच्यात सतार आणि तबला पुन्हा आले होते, आणि तबल्यावर तेच केशव साठे. जो हॅरियट १९७३ साली कर्करोगाने गेले, हलाखीत. डिसिल्व्हा १९९६ मध्ये लंडनमध्ये वारले. 'कोंकण डान्स' २००६ साली प्रकाशित झाली. ज्याने आपल्या किनारपट्टीचं नाव रचनेला दिलं, त्याने ती दुकानात कधी पाहिली नाही.

त्यांना 'आपल्यातले' म्हणावं का, असं एका स्नेह्याने मला विचारलं. कोकणी घरातला ख्रिस्ती माणूस, इंग्रजीत बोलणारा, जॅझ वाजवणारा, लंडनला वारलेला. मी एवढंच म्हणालो की त्यांनी आपल्या चालींना गोवा, कोंकण, जयपूर, गंगा ही नावं दिली. आपण त्यांना मोजलं नाही, हा हिशेब आपल्याकडचा आहे.

*

ही माहिती मी जमवली ती तुकड्यातुकड्याने, दुकान सांभाळून. नागपूरच्या एका संग्राहकाने डिसिल्व्हांच्या पुनर्मुद्रित सीडी ऐकायला दिल्या. त्या घेऊन एका मंडईच्या दिवशी मी त्या वादकाच्या गावी गेलो. छोटी गाडी आता मोठी झाली आहे. तो म्हातारा झाला होता. सिंथेसायझर आल्यावर त्याची गिटार बंद पडली, ती बंदच राहिली. धान कापणीला आलं होतं.

ओसरीत बसून मी त्याला 'बॅलड फॉर गोवा' ऐकवलं. तीस वर्षांपूर्वी मी चुकीचं सांगितलं होतं, तेही सांगितलं. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. डावा हात मांडीवर होता, बोटं हलत होती.

'घाई नाही करत हा मानूस,' तो म्हणाला. मग सीडीचं कव्हर हातात घेतलं. 'नाव लिवलं हाये ना याचं?'

इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. मी त्याचं बोट नावावर ठेवलं. त्याने तिथून बोट उचललं नाही.

'अन् बाकीच्यायची?'

मला क्षणभर कळलं नाही.

'ढोलकवाला, बासवाला. बाकीच्यायची नावं?'

मी चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. इयन कार. डेव्ह ग्रीन. ब्रायन स्प्रिंग. नॉर्मा विन्स्टन. तो प्रत्येक नावाला मान हलवत होता, जणू ओळखीची माणसं आहेत.

मग तो उठला, आतून एक जुनी वही घेऊन आला. त्याने ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांची नावं त्यात होती: ऑर्गनवाले, तबलावाले, ढोलकवाले, क्लॅरिनेटवाले. गावासकट. काही नावांपुढे फुली होती. ती माणसं आता नाहीत. 'तू लिहतोस तं हे लिव,' तो म्हणाला.

ती वही आता माझ्याकडे आहे. मंडईचा हंगाम आला की मी एकेका गावी जातो, आणि ज्यांच्यापुढे फुली नाही, त्यांना आधी भेटतो.